कूलरमध्ये बर्फ टाकण्याआधी हा हिशेब करा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की बर्फाच्या दुकानापुढे दोन तऱ्हेचं गिऱ्हाईक उभं असतं. एक रसवंतीवाले आणि लग्नघरचे. दुसरे कूलरवाले, लादीचा पाचेक किलोचा तुकडा पोत्यात गुंडाळून गाडीच्या हँडलला अडकवून नेणारे. घरी तो तुकडा टाकीत पडतो, मंडळी कूलरसमोर बसतात आणि ‘आता कसं गार वाटते’ म्हणतात. थोडं वाटतंही. पण तो पाच किलो बर्फ जेवढी उष्णता शोषतो, त्यापेक्षा जास्त उष्णता टाकीतलं एक लिटर साधं पाणी वाफ होताना शोषतं. आणि मध्यम आकाराचा कूलर मे महिन्याच्या दुपारी तासाला १०-१२ लिटर पाणी पितो, म्हणजे लिटरभर पाणी पाच-सहा मिनिटांत. पोत्यात गुंडाळून आणलेल्या बर्फाची किंमत कूलरच्या लेखी तेवढीच.

आकडेमोड सोपी आहे. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी. ५ किलोचे झाले ४०० किलोकॅलरी. ते ० अंशाचं पाणी पुढे २३ अंशांपर्यंत (२३ का, ते पुढे येईल) तापेल, त्याचे ५ × २३ म्हणजे ११५. एकूण ५१५ किलोकॅलरी. उलट पाण्याची वाफ ३० अंशांच्या आसपास होते तेव्हा ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी लागतात, लिटरला ५८० किलोकॅलरी. (पुस्तकातला ५४० हा आकडा १०० अंशांवरच्या उकळत्या पाण्याचा. पाणी जितकं गार, तितकी वाफ व्हायला थोडी जास्त उष्णता लागते.)

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वितळायला किंवा वाफ व्हायला लागणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हटलंय, जुन्या पुस्तकांत सुप्त उष्णता असायचं. पोरं ८० आणि ५४० पाठ करतात, गणित सोडवतात, आणि घरी येऊन वडिलांनी कूलरमध्ये टाकलेला बर्फ बघत बसतात. दोष पोरांचा नाही. उष्णता देत असतानाही तापमान जागच्या जागी दाखवणारी आलेखातली ती आडवी रेघ नेमकं काय सांगते, हे हाताने करून पाहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

तापमान म्हणजे रेणूंच्या धावपळीचं माप. बर्फाला उष्णता दिली तर ० अंशापर्यंत ही धावपळ वाढते आणि थर्मामीटर चढतो. ० ला पोचल्यावर आलेली उष्णता रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. धावपळ तेवढीच राहते, म्हणून पारा हलत नाही. वाफ होताना तर रेणू पूर्ण सुटे करायचे असतात. शिवाय १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांची वाफ पावणेदोन लिटरच्या आसपास जागा मागते, ती जागा करायला बाहेरची हवा ढकलावी लागते. ५४० पैकी ४० कॅलरी नुसत्या या ढकलण्यात जातात. −१० अंशांचा १०० ग्रॅम बर्फ घेऊन त्याची १०० अंशांची वाफ करायची तर बर्फ ० वर आणायला ५००, वितळवायला ८,०००, पाणी तापवायला १०,००० आणि वाफ करायला ५४,००० कॅलरी लागतात. एकूण ७२,५००. त्यातल्या ६२,००० कॅलरी थर्मामीटर जागचा हलत नसताना जातात.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला. पद्धत इतकी साधी की आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत जमावी. काचेचे दोन सारखे गोल, एकात बर्फ, दुसऱ्यात बर्फाहून जेमतेम एक अंश फॅरनहाइट गरम पाणी, दोन्ही एका मोठ्या दालनात टांगलेले. पाणी अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइट चढलं. बर्फाला वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले, म्हणजे २१ अर्धे तास. २१ × ७ = १४७. त्यातले ८ अंश वितळल्यानंतर पाणी तापण्याचे, उरले १३९. सेल्सिअसमध्ये तो आकडा ७७ येतो. आजचा आकडा ८०. आगगाडीसुद्धा नव्हती त्या काळात, घड्याळ आणि थर्मामीटर एवढ्या सामानावर.

जिल्हा परिषदेच्या शाळेत बर्नर नसतो, आणि स्पिरिटचा दिवा असला तर स्पिरिट नसतं. ब्लॅकच्या प्रयोगाला दोन्ही लागत नाही. स्टीलचे दोन सारखे ग्लास घ्या. एकात १०० ग्रॅम फोडलेला बर्फ, दुसऱ्यात बर्फात ठेवून गार केलेलं आणि गाळून घेतलेलं १०० ग्रॅम पाणी. दोन्ही लाकडी बाकावर वीतभर अंतराने, पंखा बंद, ऊन नाही. दर पाच मिनिटांनी ढवळून तापमान लिहायचं आणि दोन्ही ग्लास १० अंशांपर्यंत न्यायचे. खोली ३० अंशांची असेल तर पाण्याला दहा-बारा मिनिटं लागतात, बर्फाला सव्वा ते दीड तास. हिशेबाने नऊपट यायला हवं, (८० + १०) भागिले १०. येतं सात-आठपट. कारण बर्फवाला ग्लास बहुतेक वेळ ० वर असतो, त्याच्यात आणि हवेत ३० अंशांचा फरक कायम राहतो. पाणी मात्र चढत जातं तसा त्याचा फरक कमी होतो. हे पोरांनी स्वतः ओळखलं तर प्रयोग सार्थकी लागला.

बिघडतं ते बर्फाशीच. फ्रीजरमधून काढलेला बर्फ ० चा नसतो, −१५ किंवा त्याखालचा असतो. −१५ चा बर्फ ० ला यायलाच ग्रॅममागे साडेसात कॅलरी खातो. तो पाच-सात मिनिटं पाण्यात सोडून ठेवायचा, पृष्ठभाग ओला चकचकीत झाला की काढायचा. मग उलटी अडचण येते. ओला बर्फ तसाच तोलला तर १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम पाणीच असतं, ते आधीच वितळलेलं, त्यामुळे ८० च्या जागी ७२ उत्तर येतं. जुन्या सुती धोतराच्या फडक्यात दाबून टिपायचा आणि लगेच तोलायचा. दुसरी चूक थर्मामीटरची. फुगा ग्लासाच्या तळाला टेकला की पारा १-२ अंश जास्त दाखवतो, आणि ढवळलं नाही तर बर्फ वर तरंगतो नि खाली ३-४ अंशांचं पाणी साचतं. ‘सर, बर्फ असताना तापमान वाढते’ ही तक्रार दरवर्षी येते ती इथूनच.

ग्लासाबाहेर दव धरतं तिकडे कुणी बघत नाही, खरी गंमत तिथे आहे. हवेतली वाफ ग्लासावर पाणी होते तेव्हा तिने घेतलेली उष्णता ग्लासाला परत देते. दवाचा एक ग्रॅम आतला सात ग्रॅम बर्फ वितळवतो. फडक्याने ग्लास पुसून काही होत नाही, पाणी पुसलं जातं पण उष्णता आत जाऊन बसलेली असते. म्हणून हा प्रयोग जुलैत लवकर आटोपतो, एप्रिलात रेंगाळतो.

एकच तासिका हातात असेल तर मिश्रणाचा प्रयोग करा. १०० ग्रॅम वजनाच्या स्टीलच्या छोट्या गंजात (पातेल्यात) ५० अंशांचं २०० ग्रॅम पाणी, त्यात टिपून घेतलेला ५० ग्रॅम बर्फ. बर्फाच्या जागी ० अंशाचं पाणी टाकलं असतं तर मिश्रण ४० वर थांबलं असतं. बर्फाने ते २५ च्या आसपास येतं. गंजाची उष्णता हिशेबात धरली नाही तर उत्तर २४ येतं. १०० ग्रॅम स्टील साधारण १२ ग्रॅम पाण्याइतकी उष्णता धरतं, तेवढ्याने एक अंशाचा फरक पडतो.

उकळण्याच्या बाजूला एक सावधगिरी. पाणी १०० लाच उकळलं पाहिजे असा हट्ट धरू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, तिथे पाणी ९९ ला उकळतं. चिखलदरा ११०० मीटरच्या वर, तिथे ९६ च्या जरा पुढे. मेळघाटात तुरीची डाळ उघड्या गंजात शिजायला जास्त वेळ लागतो तो यामुळे. जाळ वाढवून उपयोग नाही, जाळ जास्त तर वाफ जास्त, पाणी ९६ चं ९६. खरं म्हणजे खालीसुद्धा एकदा उकळी फुटली की गॅस मोठा ठेवणं म्हणजे पैसे वाफेत घालवणं. तापमान वाढवायचं तर वाफ कोंडायची, म्हणजे कुकर. शिटीच्या वजनाने आत सुमारे एक वातावरण, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, जास्तीचा दाब धरला की पाणी १२० ला उकळतं.

आता कूलर.

कूलर हवा गार करतो म्हणजे हवेतली उष्णता काढून ती पाण्याची वाफ करण्यात घालतो. त्याची हद्द ठरलेली आहे, आणि ती घरी मोजता येते. दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याभोवती मलमलच्या कापडाची ओली चिंधी गुंडाळा, तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही सावलीत पंख्यापुढे पाच मिनिटं धरा. कोरडा ४५ दाखवत असेल आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला २३ च्या आसपास थांबतो. हे ओलं तापमान. कूलरची हवा याच्या खाली जात नाही, कुठल्याही कंपनीचा असो. चांगल्या ताट्यांचा (हवा जिच्यातून आत येते त्या बाजूच्या ओल्या जाळ्यांचा) कूलर ४५ ते २३ या वाटेचा तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग कापतो, म्हणजे ४५ ची हवा २८ ला आणून सोडतो. जुलैत ३२ तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असते तेव्हा ओला थर्मामीटर २९ वर असतो. कूलरने जीव टाकला तरी अडीच-तीन अंश, वर खोलीभर चिपचिप. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

बर्फाचं काय होतं तेही इथे कळतं. पंप चालू असला की टाकीतलं पाणी आपोआप ओल्या तापमानाकडे उतरत जातं. छतावरच्या टाकीतून ४२ अंशांचं ६० लिटर पाणी भरलं तरी ते २४ पर्यंत आणायला दोनेक लिटरची वाफ पुरते, पंधरा-वीस मिनिटांचं काम. ‘पाणीच गरम आहे तर कूलर काय करेल’ ही काळजी फुकट आहे. बर्फ टाकून पाणी त्याखाली नेलं, तर अर्धा तास हवेत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक पडतो. पुढे सगळं जिथल्या तिथे.

मग कूलर गार का करत नाही? बहुतेक वेळा ताटी कुठेतरी कोरडी असते. वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजतात, त्या भोकाखालचा पट्टा वाळतो, आणि त्या पट्ट्यातून ४५ ची हवा तशीच आत येते. चौथाई ताटी कोरडी असेल तर २८ ची हवा ३२ होते. हे ओळखायला पंखा बंद करून, प्लग काढून, ताटीवर आतल्या बाजूने हात फिरवायचा. कोरडा पट्टा लगेच लागतो. भोकं बारीक खिळ्याने मोकळी करायची. वुडवूलच्या ताटीत दुसरी खोड असते. पाण्याच्या वजनाने लाकडाचा कीस खाली बसतो, वर चार बोटं जागा रिकामी पडते. तिथे नवा कीस भरायचा, पण ठासून नाही. ठासला की हवाच ओढली जात नाही. पंखा सुरू करण्याआधी दहा मिनिटं नुसता पंप चालवायचा, ताटी पूर्ण भिजू द्यायची.

क्षाराचं गणित वेगळं मांडतो, कारण खारपाणपट्ट्यातल्या अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या गावांत हाच मुख्य रोग आहे. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. ६० लिटरच्या टाकीतून रात्रीत ९० लिटरची वाफ झाली आणि फ्लोट वॉल्वने तेवढंच पाणी भरून घेतलं, तर सकाळी टाकीतले क्षार अडीचपट होतात. दोन रात्रींनी चौपट. आपण वर भरत राहतो, पाणी घट्ट होत जातं, ताटीवर पांढरी खपली चढते, पंपाची जाळी बुजते. दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायची, अर्धी नाही. ते पाणी अंगणात शिंपडावं, कुंडीतल्या झाडाला घालू नये.

खोलीत समोरची खिडकी वितभर तरी उघडी हवी. बंद खोलीत कूलर आपलीच ओली हवा परत परत फिरवतो, खोलीतली आर्द्रता चढते आणि अंगावरचा घाम वाळणं बंद होतं. ४५ च्या हवेत शरीराला उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग असतो, घामाची वाफ. अंगावरून ठिबकून गेलेला घाम काहीच गार करत नाही, जो वाळतो तोच कामाचा. आणि हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही: लोखंडी बॉडीच्या कूलरला अर्थिंग नसेल तर तो चालवू नका, पाणी भरताना आणि ताटीला हात लावताना प्लग काढलेला असू द्या. दर उन्हाळ्यात माणसं यात जातात.

एसीचा ‘टन’सुद्धा मुळात बर्फाचाच. एक टन, म्हणजे अमेरिकी मापाने ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जी उष्णता शोषेल तेवढी क्षमता, साडेतीन किलोवॉट. तासाला ११ लिटर पाणी उडवणारा कूलर सात किलोवॉटपेक्षा जास्त उष्णता वाफेत घालतो. ऐकायला दोन टनांच्या एसीएवढं वाटतं, पण त्यातली बरीच कमाई समोरच्या खिडकीतून बाहेर जाते. शिवाय एसी पाणी पीत नाही, उलट बाहेर टाकतो. जिथे नळ दिवसाआड येतो तिथे रोजचं ८०-९० लिटर पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न भौतिकशास्त्राने सुटत नाही.

माठाचं तत्त्व तेच, फक्त पंखा वाऱ्याचा. १० लिटर पाणी ४० वरून २८ ला आणायला २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी माठाच्या अंगातून पाझरून उडालं की झालं. बाहेरची उष्णता आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात जास्त उडतं. माठ सावलीत, पण वारा लागेल असा ठेवायचा. कोपऱ्यात कोंडलेला माठ गार होत नाही. दोन उन्हाळे वापरलेला माठ ‘मरतो’ म्हणतात, म्हणजे त्याची छिद्रं क्षाराने बुजलेली असतात. बाहेरून ऑइलपेंट लावलेला शोभेचा माठ पहिल्या दिवसापासूनच मेलेला.

लग्नाच्या भट्टीवर हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. हिवाळ्यातल्या रात्री मोठ्या शेगडीला जोडलेला सिलिंडर अर्धा असतानाच जाळ मंद करतो, आणि आचारी एजन्सीला शिव्या देतो. सिलिंडरच्या अंगावर हात फिरवा. खालचा भाग थंडगार, दवाने ओला, वरचा कोरडा. जिथे ओल संपते तिथवर आत द्रव गॅस आहे. शेगडी जेवढा गॅस मागते तेवढा द्रव आत उकळावा लागतो, त्याला लागणारी उष्णता तो स्वतःतून आणि पत्र्यातून घेतो, गारठतो, आणि गारठला की दाब पडतो. उपाय म्हणजे दोन सिलिंडर एकत्र जोडून भार वाटायचा, नाहीतर तळ विहिरीच्या ताज्या पाण्याच्या टबात ठेवायचा, विहिरीचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा गरमच असतं. उकळतं पाणी ओतणं आणि जाळाजवळ सरकवणं हे दोन्ही प्रकार जिवावर बेतणारे.

राहिला बर्फ. त्याची खरी जागा मटका कुल्फीवाल्याकडे आहे. नुसत्या बर्फात ठेवलेली कुल्फी गोठत नाही, कारण दूध-साखर ० च्या खाली गोठते आणि बर्फ तिला ० च्या खाली नेऊ शकत नाही. तीन भाग फोडलेल्या बर्फात एक भाग जाडं मीठ, वजनाने. मिठामुळे बर्फाला ० च्या खालीही वितळावं लागतं, वितळायची ८० कॅलरी तो शेजारून ओढतो, आणि मिश्रण −१५ ते −१८ पर्यंत उतरतं. अगदी नेमकं जमलं तर −२१, त्याखाली मीठ कितीही टाका जात नाही. मीठ बारीक असेल तर तळाशी जाऊन बसतं, म्हणून जाडं. थर द्यायचे, बर्फ, मीठ, बर्फ, मीठ, आणि मटका मधूनमधून हलवायचा. तळाशी साचलेलं खारं पाणी नवखे लोक ओतून देतात. ते ओतू नका. डब्याला चहूबाजूंनी चिकटून गारवा पोचवतं ते तेच पाणी, खड्यांमध्ये तर नुसती हवा असते. फक्त त्याची पातळी डब्यांच्या झाकणाखाली दोन बोटं राहू द्या, नाहीतर कुल्फी खारट होईल.